पिकअप पाहिजे का टॉप

"पिकअप पाहिजे का टॉप?" मुनीरभाईंनी ताईला विचारलं.

हा प्रश्न ते स्कूटर घेऊन आलेल्या प्रत्येकाला विचारायचे. गिऱ्हाईक हमखास म्हणायचं, दोन्ही. मग मुनीरभाई चिंधीला हात पुसत म्हणायचे, "दोन्ही पाहिजे असंल तर दोन गाड्या घे." या एका वाक्यावर कराडमध्ये त्यांचं गॅरेज वीस वर्षं चाललं होतं.

ताई स्कूटरवरून उतरली नव्हती. ती सहसा उतरायची नाही. दोन वर्षांची असताना पोलिओ झाला, तेव्हापासून डावा पाय लोखंडी पट्ट्यांत. स्कूटरला मागं दोन्ही बाजूंना जादा चाकं लावलेली. एकूण चार चाकं आणि एक कुबडी. मी तिला म्हणायचो, तुझ्याकडं रिक्षापेक्षा एक चाक जास्त आहे, परमिट काढून टाक.

"दोन्हीत फरक काय, मुनीरभाई?" तिनं विचारलं.

"हे बघ बेटा. ह्या झाकणाच्या आत पट्टा फिरतो. तिथं सहा रोलर असत्यात, गोट्यांएवढे. हलके टाकले तर गाडी चढाला मरत न्हाई, पर सपाटीला पळत न्हाई. जड टाकले तर सपाटीला वारा, आन् चढाला म्हातारी."

"मग हलके. मला चढायचंय," ताई म्हणाली. "सपाटीला पळून मी कुठं जाणार?"

याला आता अकरा वर्षं झाली. मी तेव्हा बावीसचा होतो, आणि मुनीरभाईंच्या हाताखाली चार वर्षं काढून स्वतःला इंजिनाचा डॉक्टर समजत होतो. ताई तिशीची. हेमलता माळवदे, दहावीला एक्क्याण्णव टक्के. त्या टक्क्यांवर तिला एवढ्या वर्षांनी पोस्टाचं पत्र आलं होतं. वरची पाथर या गावी शाखा पोस्टमास्तर. सोमवारी अकरापर्यंत हजर व्हावे, न झाल्यास यादीतल्या पुढच्या उमेदवाराला नेमणूक.

वरची पाथर पठारावर, पवनचक्क्यांच्या शेजारी. खालची पाथर घाटाच्या पायथ्याला. दोघांमध्ये नऊ वळणं. वर पोस्टाला लागून एक खोली होती, तिथं तिनं राहायचं. आणि रोज सकाळी खाली उतरून टपालाची पिशवी घ्यायची, ती वर न्यायची. एसटीच्या पायऱ्या तिला कुणी उचलल्याशिवाय चढता यायच्या नाहीत, आणि कुणी उचललेलं तिला चालायचं नाही. लहानपणी आमचे वडील, आप्पा, तिला कडेवर घेऊन शाळेत सोडायचे. नववीत तिनं सांगितलं, उद्यापासून मी बसून सरकत जाईन पण उचलायचं नाही. तेव्हापासून तिला कुणी उचललं नव्हतं.

थोडक्यात, ती स्कूटर रोज घाट चढली तर ताईला नोकरी. नाही चढली तर नाही.

आणि ती चढत नव्हती. एकशेदहा सीसीच्या गाडीवर ती जादा चाकं, ताई आणि सामान. आगाशिव डोंगराच्या बाजूचा साधा चढ आला तरी धापा टाकायची. म्हणून पुण्याहून सामान मागवलं. हलके रोलर, क्लचची कडक स्प्रिंग, कार्बोरेटरचा मोठा जेट आणि लाल रंगाचा कोन फिल्टर. शुक्रवारी कुरिअर आलं.

ताईनं फिल्टर हातात घेऊन उलटासुलटा केला. "हे आइस्क्रीम काय करतं?"

"कंपनीच्या डब्यात इंजिनाचा श्वास कोंडतो. यानं मोकळा होतो."

"आणि धूळ?"

"धूळपण मोकळी होते."

"म्हणजे सर्वांचंच भलं."

पार्सलमध्ये 'रेसिंग' असं लिहिलेला एक स्टिकर फुकट आला होता. स्टिकरनं ताशी तीन किलोमीटर वेग वाढतो असं आमच्या गॅरेजात सर्वमान्य मत होतं. तो कुठं लावू विचारलं, तर ताईनं कुबडी पुढं केली. तिथं लावला. त्या दिवसापासून ती कुबडी खरंच जरा पुढं पळायची.

घरी पुढच्या खोलीत आप्पांचं शिलाईचं दुकान. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. आप्पांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलेलं, त्यामुळं काज करणं, गुंडी लावणं, तुरपाई, सगळं बारीक काम ताईच्या हातात. दिवसाला चाळीस-पन्नास काजं. एकदा तिला ताप होता म्हणून मी एक काज केलं होतं. त्यातून गुंडी जायची, आणि पाठोपाठ आणखी दोन गुंड्या गेल्या असत्या. गिऱ्हाईकानं तो शर्ट परत आणला. आप्पा काही बोलले नाहीत. आप्पा बोलायचेच नाहीत. त्यांचं तोंड कायम टाचण्यांनी भरलेलं, आणि टाचण्या नसल्या तरी तसंच.

पोस्टाचं पत्र आलं तेव्हा त्यांनी ते चांगल्या डोळ्यासमोर धरून वाचलं, चार घड्या घातल्या, आणि मशीनच्या खणात ठेवलं. "सरकारी कागद बरा असतोय, जाड असतोय," एवढंच म्हणाले. ताई गेल्यावर दुकानाचं काय, हे ते बोलले नाहीत, ताईनं विचारलं नाही, आणि मी विचार केला तो एवढाच, की मग काजं माझ्या गळ्यात.

शनिवारी दुपारी मी स्कूटरचं झाकण उघडून बसलो होतो, तर दारात आप्पा. चार वर्षांत ते पहिल्यांदा गॅरेजात आले. हातात मशीनच्या तेलाची रिकामी बाटली. आमच्याकडं तसलं तेल नसतं हे त्यांना माहीत होतं.

"तेल हाय का?"

"न्हाई, आप्पा."

"असू दे." ते उभेच राहिले. माझ्यासमोरच्या फडक्यावर मांडलेले सुटे भाग बघत होते, कापड बघावं तसे. "सगळं लावून झालं?"

"लावतोय. शेवटचंच राहिलंय."

"अगदी मापात लावू नगंस," ते म्हणाले. मग जरा थांबून, जमिनीकडं बघत, "थोडी माया ठेव रं, पोरा."

आणि गेले.

मी मुनीरभाईंकडं बघितलं. मुनीरभाईंनी पाना खाली ठेवला होता.

"तुझा बाप असं बोलतो कधी?"

"न्हाई."

आप्पांनी माया हा शब्द कुणाबद्दल काढलेला मी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. आई गेली तेव्हाही नाही.

"बापाच्या मनात पोरगी जावी असं न्हाई बघ," मुनीरभाई म्हणाले. "तोंडानं कसं म्हणणार? म्हणून तुझ्याकडं आला." आणि ते नमाजाला निघून गेले.

फडक्यावर दोन तऱ्हेचे रोलर होते. पिवळे हलके, पुण्याहून आलेले. आणि तपकिरी जड, एका कॉलेजच्या पोरासाठी आणलेले. तो टॉप मागून गेला आणि परत आला नाही. जुनेच बसवले असते तर काही बदललंच नाही असं ताईला लगेच कळलं असतं. मी सहा तपकिरी बसवले, झाकण लावलं, बोल्ट आवळले. पिवळे सहा चहाच्या रिकाम्या डब्यात टाकले. मला हे करायला वीस मिनिटं लागली. आजवरची माझी सर्वांत स्वच्छ फिटिंग ती.

रविवारी सकाळी ताई म्हणाली, "चल, बघू तरी तुझं आइस्क्रीम."

विटा रोडला निघालो. मी मागं, ती पुढं. आधी गाडी नेहमीसारखी रेंगाळली, आणि मग सुटली. चाळीस, पन्नास, साठ. जादा चाकं दोन्ही बाजूंना थडथडत होती. एखादं कपाट रस्त्यानं पळतंय असं बघणाऱ्याला वाटलं असेल. एक मोटारसायकलवाला आमच्या बरोबरीनं आला, त्यानं आधी चाकं बघितली, मग ताईचा पाय, मग कुबडीवरचं 'रेसिंग', आणि तो मागं राहिला. मागं पडला म्हणत नाही, विचार करायला थांबला असावा.

"शिऱ्या, किती?"

"बहात्तर!"

ती हसायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत. दुपट्टा माझ्या तोंडावर येत होता. तीस वर्षांत ती कधी कशाच्या पुढं गेली नव्हती. टोलनाक्याच्या अलीकडं तिनं गाडी बाजूला घेतली आणि हँडल धरून नुसती बसली.

"असली कधी पळाली नव्हती," ती म्हणाली. "चढाला पण अशीच जाईल ना?"

"जाईल की."

"काही राहिलं असंल बसवायचं, तर आत्ता सांग."

"काय न्हाई राहिलं."

सोमवारी सातला निघालो. पुढं पायापाशी स्टोव्ह, मागं वळकटी, वळकटीच्या मागं मी, माझ्या मांडीवर तिची पत्र्याची पेटी. आप्पा दारापर्यंत आले. ताईनं वाकायचा प्रयत्न केला, तर त्यांनी हातानंच नको म्हणून सांगितलं. तोंडात टाचण्या होत्या.

खालची पाथर सोडली आणि पहिलं वळण आलं. गाडी कण्हली. दुसऱ्या वळणावर वेग पंधरा. तिसऱ्याला ताई म्हणाली, "उतर जरा."

मी पेटी घेऊन उतरलो आणि चालायला लागलो. थोड्या वेळानं बघतो तर स्कूटर माझ्या मागं. मी मुद्दाम हळू चालायला लागलो, तर तीही हळू झाली. चौथ्या वळणावर जळक्या रबराचा वास आला आणि गाडी थांबली. इंजिन चालू, आवाज मोठा, लाल फिल्टर भरभरून श्वास घेतोय, आणि चाकं जागची हलत नाहीत.

ताईनं इंजिन बंद केलं. वर पवनचक्कीचं एक पातं दिसत होतं, डोंगराच्या कडेवरून यायचं आणि जायचं.

"काय झालं असंल?"

मी तोंड उघडलं. बोलायचं ते माझ्या जिभेवर होतं. बाहेर आलं ते असं, "फिल्टरात फुलपाखरू अडकलं असंल."

ती थोडं हसली. तिनं माझ्या विनोदांना कधी नाही म्हटलं नव्हतं.

मागून शिटा भरून नेणारी एक वडापची जीप आली. ड्रायव्हर उतरला. "ताई, पोस्टात निघालाय व्हय? बसा की. आम्ही दोघं उचलून ठेवतो आत. गाडी नंतर बघू."

"नको, दादा."

"अवो, साडेदहा वाजलं. अकराला पोचवतो."

"आज पोचवाल," ताई म्हणाली. "पिशवी रोज आणायची असती."

जीप गेली. ती वळून दिसेनाशी होईपर्यंत ताई बघत होती. मग तिनं पर्समधून फोन काढला आणि पोस्टाच्या इन्स्पेक्टरला लावला. फोनवर ती शुद्ध बोलायची.

"साहेब, मी हेमलता माळवदे. मी घाटात चौथ्या वळणावर आहे... नाही साहेब, अपघात नाही. गाडी चढत नाही... नाही, थांबू नका. आज ढकलून आणली तरी उद्या परत तेच. टपाल अडकायला नको... हो. पुढच्याला द्या. तिथंच आलाय का तो? बरं झालं. त्याची खेप वाचली."

तिनं फोन पर्समध्ये ठेवला, चेन लावली, पुन्हा एकदा लागली का बघितली.

"चल. उताराला तर जाईल?"

उताराला छान गेली.

घरी आलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. आप्पा मशीनवर नव्हते. ताईच्या जागेवर, खिडकीपाशी, चांगला डोळा उजेडाकडं करून बसले होते. हातात सुई. आम्हाला बघून त्यांनी मांडीवरचं कापड झाकायला बघितलं, पण ते लांब होतं. पांढऱ्या पॉपलीनची पट्टी, आणि तिच्यावर काजं. एका ओळीत चाळीसएक. सुरुवातीची माझ्यासारखी, गुंड्यांचं कुटुंब जाईल अशी. पुढं पुढं बारीक होत गेलेली. शेवटची चार-पाच चक्क बरी.

"हे कधी केलं, आप्पा?" ताईनं विचारलं.

"पत्र आलं तवापास्नं. तू झोपायची तवा." मग त्यांचं लक्ष वळकटीकडं गेलं. "परत का आला?"

"चढली न्हाई."

आप्पांनी सुई कापडात खोचली. माझ्याकडं बघितलं. "तुला सांगितलं होतं न्हवं, माया ठेव म्हणून?"

"ठेवली होती की," मी म्हणालो.

"मग कमी कशी पडली?"

मला प्रश्न कळला नाही. ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की मला कळलेला नाही. त्यांनी शेजारच्या ढिगातली एक पँट ओढली, उलटी केली आणि मागची शिवण माझ्यापुढं धरली. शिवणीच्या आत दोन बोटं जादा कापड दुमडून ठेवलेलं होतं.

"ही माया. इसरलास? माणूस अंगानं वाढला, की उसवायचं आन् ही वापरायची. वरनं दिसत न्हाई, पर आत असती. तसं म्हटलं, मापात लावू नगंस. पावसाचं दिवस येणार, टपाल जड हुणार, वरची एखादी म्हातारी मागं बसणार. अडली पोरगी, तर गाडीत थोडा जोर शिल्लक पाहिजे. म्हणून म्हटलं."

मी शिंप्याच्या घरात जन्मलो. आठवीपर्यंत या दुकानात बसून गुंड्या मोजल्या. दिवसातून दहा वेळा हा शब्द कानावर पडायचा, बाहीला माया, कमरेला माया, पोर वाढतंय, माया जास्त सोडा.

ताई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"तू काय ऐकलंस, शिऱ्या?"

मी काही तरी गंमत शोधली. खरंच शोधली. नव्हती.

"मला वाटलं, तुला जाऊ देऊ नको म्हणतायत."

"मी?" आप्पा म्हणाले. एवढंच. त्यांनी चष्मा काढला आणि तो त्या काजांच्या पट्टीनं पुसायला लागले.

"कुठले घातलेस?" ताईनं विचारलं.

"जड."

"हलके कुठं हायत?"

"गॅरेजात. चहाच्या डब्यात."

"जा, घालून आण."

मी गाडी घेऊन गेलो. मुनीरभाई जेवत होते. झाकण उघडताना त्यांनी बघितलं, आतले तपकिरी रोलर बघितले, आणि घास तसाच ठेवून माझ्याशेजारी येऊन बसले. मला एकेक पिवळा रोलर हातात देत गेले. या वेळी त्यांनी काहीच विचारलं नाही.

तीनला ताई निघाली. मला मागं बस म्हणाली. खालच्या पाथरेत पहिल्या वळणाआधी एक चहाची टपरी होती, तिथं थांबली.

"तू हितं उतर."

"मी पण येतो. लोड नको का बघायला?"

"उतर."

ती गेली. मी टपरीच्या बाकावर बसून आवाज ऐकत होतो. पहिलं वळण. दुसरं. आवाज एकसारखा, कुठं दमत नव्हता. चौथं वळण कधी गेलं कळलंसुद्धा नाही. मग आवाज बारीक होत होत डोंगराच्या पलीकडं गेला. टपरीवाला म्हणाला, "कुणाची वो गाडी? काय पिकअप हाय." मी चहा सांगितला आणि तो प्यायचा राहून गेला.

तासाभरानं ती खाली आली. दुपट्ट्यावर, केसांत, भुवयांवर पठाराची तांबडी धूळ. टपरीपाशी गाडी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही.

"चढली?" मी विचारलं. उगीचच.

"तिसऱ्या मिनिटाला चौथ्या वळणावर होते. जोर उरला होता. आप्पा म्हणतात तसा."

"वर काय होतं?"

"पोस्टाला कुलूप. नवा पोस्टमास्तर पिशवी घेऊन गावात गेला होता, चालत. विशीतला आहे पोरगा. खोली बघितली खिडकीतनं. खुंट्या खाली मारल्यात कुणीतरी, माझा हात पोचंल अशा." ती थांबली. "वारं लई हाय तिथं. पवनचक्क्यांचा आवाज मशीनसारखा येतो. झोप लागली असती."

मी म्हणालो, "ताई, इन्स्पेक्टरांना परत फोन करू. मी सांगतो त्यांना, माझी चूक झाली."

"त्या पोरानं सही केली, शिऱ्या. त्याला आता खाली कोण उतरवणार?"

मी मागं बसलो. गाडी सपाटीला लागली आणि पंचवीसच्या पुढं जाईना. इंजिन नुसतं ओरडत होतं. उसाच्या ट्रॉल्या आम्हाला ओलांडून गेल्या, मग एक टेम्पो, मग एक सायकलवाला, उभा राहून पायडल मारणारा.

कराडचा पूल दिसायला लागला तेव्हा ती म्हणाली, "उद्या ते जड परत घाल."

"कशाला?"

"आता खालीच फिरायचंय तर जरा पळू तरी दे."

मी बरं म्हणालो. पुलावर वारा होता, तिला ऐकू गेलं की नाही माहीत नाही, म्हणून पुन्हा म्हणालो. मग विचारलं, "आणि हलक्यांचं काय करू?"

ताईनं आरशात माझ्याकडं बघितलं नाही. ती समोरच बघत होती.

"दे कुणाला तरी," ती म्हणाली. "कुणाला वर जायचं असलं तर."